शेवटचा खण

काका पत्र आधी वाचायचे नाहीत, आधी तोलायचे. पाकीट उजव्या तळहातावर ठेवायचं, हात जरासा वरखाली करायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "फोटो हाये ह्यात." फोडलं की फोटो निघायचाच. कधी कपाशीच्या बोंडाचा, कधी किडक्या पानाचा, एकदा तर एका शेतकऱ्याच्या नव्या बैलजोडीचा निघाला, बियाण्याशी काडीचा संबंध नसताना. तक्रारीचं पत्र तर त्यांना हात लावल्याबरोबर कळायचं. "राग आलेला माणूस कागदाच्या दोन्ही अंगांनी लिहितो," ते म्हणायचे, "आन् दाबून लिहितो. शाई जास्ती लागते." शाईनं पत्राचं वजन वाढतं हे मला आजही पटत नाही. पण बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं.

हे जालन्यातलं सांगते आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची बियाण्यांची कंपनी होती. मी तिथे लागले तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. औरंगाबादहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आले होते, वय तेवीस, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. काका आवक-जावकच्या टेबलावर होते. म्हणजे कंपनीत येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे यायचं, त्यावर शिक्का बसायचा, बारनिशीच्या जाडजूड वहीत नंबर पडायचा आणि मग ते ज्याचं त्याला जायचं. त्यांना नाव होतं, पगारपत्रकावर मी ते पाहिलेलं आहे, पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते काका.

कंपनीत येण्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या डाकडब्यात काढली होती. मनमाडहून गाडी निघाली की हैदराबाद येईपर्यंत हलत्या डब्यात उभं राहून पत्रं गावागावाच्या खणांत टाकायची. ती नोकरी संपली, कंपनीत आले, पायाखालची जमीन हलायची थांबली, पण काका काही थांबले नाहीत. टेबलामागे त्यांनी सुताराकडून स्वतःच्या मापानं अठ्ठेचाळीस खणांचं कपाट करून घेतलं होतं. त्याच्यापुढे दोन्ही पाय फाकवून उभे राहायचे आणि डुलायचे. डुलल्याशिवाय त्यांना पत्र खणात टाकताच यायचं नाही. हळूहळू अशी गत झाली की कशाचाही नीट विचार करायचा झाला की काका डुलायला लागत. साहेबांच्या केबिनमध्ये पगारवाढीचं बोलणं चालू असताना ते डुलायला लागले आणि साहेबांना वाटलं चक्कर येतेय, तर त्यांनी पाणी मागवलं. काका ते पाणी पिऊन बाहेर आले. पगारवाढीचं राहूनच गेलं.

मला घेतलं होतं ते मेलसाठी. तोवर कंपनीचा मेलचा पत्ता एकच होता. साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर दिवसातून दोनदा मेल उतरवायचे, कागदावर छापायचे आणि तो गठ्ठा काकांकडे द्यायचा. काका त्यावर गोल शिक्का मारायचे, नंबर टाकायचे आणि खणात ठेवायचे. आता कंपनीनं स्वतःचा सर्व्हर घेतला होता. एसी फक्त दोन जागी होता, साहेबांच्या केबिनला आणि बियाण्यांच्या नमुन्यांच्या खोलीला. साहेब काही आपली केबिन द्यायला तयार झाले नाहीत, म्हणून सर्व्हर मका, बाजरी आणि कपाशीच्या बरण्यांमध्ये जाऊन बसला.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. हा घाईचा माणूस, बसलेला असतानाही हातात गाडीची किल्ली. म्हणाले, "तीन महिने देतो. ज्याचं पत्र त्याच्या टेबलावर गेलं पाहिजे, मधे कोणी नको. हे बराबर चालायला लागलं की आवक-जावकचं टेबल बंद. तसं पत्र काढून ठेवलंय मी. पण काकांजवळ आत्ता काही बोलू नका."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? नोकरी नवी, घरी धाकटी भावंडं शिकत होती. पण केबिनच्या बाहेर आले तर काका दोन बशा घेऊन उभे. "घे पोरी, चहा घे. नवीन माणसाला पहिल्या दिवशी कोणी इचारत न्हाई." ज्या माणसाचं टेबल काढायला मी आले होते, तोच मला बशीत चहा ओतून देत होता. मला माझीच लाज वाटली, आणि पुढचे तीन महिने ती कमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते नमुन्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. सर्व्हरकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ह्याला खण किती?"

"काका, ह्याला खण नसतात."

"मंग पत्र टाकतो कुठं?"

मी सांगायला लागले. खरं तर म्हाताऱ्याची समजूत काढावी एवढ्याच भावनेनं सांगत होते. की जगातल्या सगळ्या सर्व्हरना आधी एक पाटी दाखवावी लागते, आमच्या कंपनीचं टपाल ह्या दाराशी आणा. आणि आमची लाईन बंद असेल तेव्हासाठी दुसरी पाटी लावायची, पहिलं दार उघडलं नाही तर हैदराबादच्या त्या दुसऱ्या दाराशी ठेवा, आम्ही नंतर घेऊन जाऊ.

"म्हंजे जालन्याला थैली उतरली न्हाई तं पुढं परतूरला उतरवा," काका म्हणाले.

कॉलेजात हे समजायला आम्हाला दोन तास लागले होते, तेही सरांनी फळा भरून चित्रं काढल्यावर. त्या दिवसापासून आमच्या त्या दुसऱ्या दाराला आम्ही परतूर म्हणायला लागलो. हैदराबादच्या शाखेतला कॉम्प्युटरवाला फोनवर मला विचारायचा, "मॅडम, परतूर में कितना पडा है?" त्यानं जन्मात परतूर पाहिलेलं नव्हतं.

पत्ता शेवटून वाचायचा, ही काकांची दुसरी शिकवण. डाकडब्यात माणसाचं नाव कोणी बघत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि माणूस सगळ्यात शेवटी, तो पोस्टमननं बघायचा. मेलचा पत्ता मी त्यांना लिहून दाखवला तर त्यांनी बोट थेट शेवटच्या टिंबापुढच्या अक्षरांवर ठेवलं. "हा देश. हे गाव. आन् हा टेबलावरचा माणूस." सर्व्हरही पत्ता असाच मागून वाचतो. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सर्व्हरच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंग ह्याला डब्यात घ्यायला हरकत न्हाई."

असे आमचे सूर जुळले. त्यांनी मला सतावलंही भरपूर. छापलेल्या मेलवर शिक्का मारायची त्यांची सवय सुटेना. पडद्यावर मेल आला की उजवा हात आपोआप शिक्क्याकडे जायचा. एकदा मी ओरडले म्हणून पडदा वाचला. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, गाडीच्या शिट्टीवर त्यांची वेळ चालायची, आणि गाडी दोन तास उशिरा आली की आमचं जेवणही दोन तास उशिरा. मी म्हणायचे, "काका, भिंतीवर घड्याळ आहे." ते म्हणायचे, "त्याला काय म्हाईत गाडी कुठं हाये?"

पण कामात माझी पहिली मोठी चूक पकडली ती त्यांनीच. मी सर्व्हरला नियम लिहून दिले होते, अमुक शब्द दिसला की मेल अमुक टेबलाकडे. सर्व्हर ते वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथं मेल टाकून मोकळा होतो. मी सगळ्यात वर लिहिलं होतं, 'बियाणे' शब्द दिसला की विक्री विभाग. त्याच्या खाली, 'बियाणे तक्रार' दिसलं की तक्रार विभाग. आठवडाभर तक्रार विभागाकडे एकही तक्रार आली नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले.

काकांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. नमुन्यांच्या खोलीत आले आणि म्हणाले, "तक्रार बंद होत नसते पोरी. रस्ता चुकती. तुझे नियम वाचून दाखव बरं."

मी वाचायला लागले, काका डुलायला लागले. दुसऱ्याच ओळीला थांबले. "आपल्याकडं पिंपळगावं किती हाईत? वरच्या खणावर तू नुसतं पिंपळगाव लिहिलं, तं रेणुकाईच्या पिंपळगावचं पत्र तिथंच अडकून पडणार. खालच्या खणापर्यंत येणारच न्हाई. बारीक नाव वर, मोघम नाव खाली. डब्यातल्या नव्या माणसाला आमी पहिल्या दिवशी हेच सांगत होतो."

मी ओळी वरखाली केल्या आणि आठवड्याचे मेल पुन्हा त्यांतून फिरवले. अर्ध्या तासात तक्रार विभागाच्या अंगावर आठवडाभराच्या तक्रारी कोसळल्या. साहेबांनी पेढे काही परत मागितले नाहीत. काकांनी तेव्हा आपला पेढा खाल्ला.

माणसांच्या नावानं पत्ते काढायलाही त्यांनीच मला अडवलं. मी प्रत्येकाच्या नावाचा पत्ता तयार करत होते. ते म्हणाले, "टेबलाच्या नावाचा काढ. माणूस बदलतो, नोकरी सोडतो, मरतोबी. शेतकऱ्याला काय म्हाईत? तो जुन्याच नावानं लिहीत राहतो. माणूस जातो, टेबल राहतं."

मी कीबोर्डवरून मान वर केली नाही. टेबल राहतं असं तो माणूस मला सांगत होता.

आमचं एकदाच खरं भांडण झालं, ते शेवटच्या नियमावरून. कुठल्याच नियमात न बसणारा, चुकीच्या पत्त्यावर आलेला मेल परत पाठवायचा, असं सगळीकडे करतात. मीही तसंच लिहिलं. काका त्या दिवशी माझ्याशी चहापुरतंही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पोस्टकार्ड घेऊन आले, जपून ठेवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, 'ज्याच्या हाती पडेल त्याला, बियाणेवाली कंपनी, जालना.' मागच्या बाजूला शेतकऱ्यानं विचारलं होतं की दोन ओळींत अंतर किती ठेवायचं.

"हे परत पाठवलं असतं तं?" काका म्हणाले. "पत्ता चुकला म्हंजे माणूस चुकला का? त्याला म्हाईत न्हाई तुमचं कोणतं टेबल कुठं हाये. ते आपल्याला म्हाईत पाहिजे. माझ्या कपाटात शेवटचा खण हाये, बघितला का? त्यावर चिठ्ठी न्हाई. ज्याचा पत्ता लागत न्हाई ते त्याच्यात. रोज सकाळी पहिला तोच खण रिकामा करायचा. परत काही पाठवायचं न्हाई."

मी नियम बदलला. कुठंच न बसणारं सगळं, आवक-जावक टेबलाकडे. रोज सकाळी काका माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि तो शेवटचा खण आम्ही मिळून रिकामा करायचो. आता खरं सांगायचं तर हा नियम लिहिताना मला फार बरं वाटलं. टेबल बंद होणार होतं, पण तेवढं नाव तरी सर्व्हरमध्ये राहील, असं मनात आलं.

आता पोचेचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच त्याच दिवशी गेली पाहिजे, हा काकांचा शिरस्ता. लग्नपत्रिका आली तरी पोच, दिवाळीचं शुभेच्छापत्र आलं तरी पोच. पोस्टकार्डावर दोनच वाक्यं: 'आपले पत्र मिळाले. योग्य ठिकाणी दिले आहे.' खाली आवक-जावकचा शिक्का. भोकरदन तालुक्यात अशी घरं होती जिथं ही पोस्टकार्डं देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेली असत. काका म्हणाले, "तुझ्या ह्या डब्यातून पोच कशी जाती?"

"जाऊ शकते की. आपोआप जाईल. तुम्हाला हातसुद्धा लावायला नको."

अर्ध्या तासात मी ते करून दिलं. त्या काळी मेलमध्ये मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे, म्हणून इंग्रजी अक्षरांतच ती दोन वाक्यं लिहिली, आणि विषयाच्या जागी 'पोच'. मेल आला रे आला की उलट टपाली पोच. काका पोराच्या बारशाला जावं तसे खूश. हैदराबादच्या शाखेलाही कौतुक वाटलं. तिथल्या कॉम्प्युटरवाल्यानं माझ्याकडून सगळी जुळणी मागून घेतली आणि आपल्या सर्व्हरवर जशीच्या तशी बसवली. मी अभिमानानं दिली.

तीन महिने संपत आले होते. साहेब म्हणाले, सोमवारी सगळं बघतो आणि एक तारखेपासून आवक-जावक बंद करू.

शनिवारी दुपारी आम्ही कुलूप लावून गेल्यावर हैदराबादहून एक साधं पत्र आलं, बुधवारी सुट्टी आहे म्हणून. आमच्या सर्व्हरनं त्याची पोच दिली. तिकडच्या सर्व्हरच्या दृष्टीनं तेही एक पत्रच. त्यानं त्या पोचेची पोच दिली. ती इकडे आली, आमच्यानं तिची पोच दिली. माणसं घरी गेली होती, आणि हे दोघं शनिवार-रविवार एकमेकांचे आभार मानत बसले. आमच्या भागात पाहुणा निघताना दारात अर्धा तास 'येतो', 'या', 'येतो', 'या' चालतं ना, तसं. फक्त ह्यांच्यातलं कोणी निघेना.

सोमवारी सकाळी मी खोली उघडली तर सर्व्हर गच्च भरलेला. पोच, पोच, पोच, खाली सरकवत नेलं तरी संपेना. विक्रीचे लोक ओरडत होते, मेल येईना, जाईना. साहेब किल्ली फिरवत दारात उभे. "काय करून राह्यल्या मॅडम तुमी? आजच व्हायचं होतं का हे?"

मी खुर्ची ओढली. आधी पोचेचा नियम बंद केला, हैदराबादला फोन करून तिकडचाही बंद करायला लावला. मग ठरवलं, विषय 'पोच' असलेलं सगळं एका दमात पुसून टाकायचं. सगळं निवडलं आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. तीन महिन्यांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"त्याच्यात एखादं खरं पत्र असंल तं?"

"काका, सगळ्या पोचाच आहेत. विषय बघा ना. हा कचरा आहे."

"विषय कोणीबी लिहितो. पाकिटावर लग्नपत्रिका लिहून आत तक्रार पाठवलेली म्या बघितली हाये." ते डुलायला लागले. साहेब बघत होते आणि काका शांतपणे डुलत होते. मग थांबून म्हणाले, "पोच सगळी एका वजनाची असती. ह्या पडद्यात वजन दिसतं का?"

दिसतं. प्रत्येक मेलच्या पुढे तो किती मोठा आहे ते लिहिलेलं असतं. मी तीन महिने तो आकडा बघत होते आणि एकदाही बघितला नव्हता. मी वजनाप्रमाणे यादी लावली. सगळ्या पोचा तंतोतंत एकाच वजनाच्या, एका खाली एक. आणि सगळ्यात वर काही मोजके मेल जास्त वजनाचे. त्यातला वरून दुसरा काकांनी बोटानं दाखवला. "हे जड हाये. राग न्हाई तं काळजी."

पिंपळगाव रेणुकाईहून होता. तिथं आमच्यासाठी बियाणं तयार करून देणारे शेतकरी होते, आणि त्यांच्यातल्या एकाला गावानं पुढारी केलं होतं. तो भोकरदनच्या कॉम्प्युटर क्लासमधून कधीमधी मेल करायचा. काही दिवसांआधीच्या दुसऱ्या एका मेलवर आमची पोच त्याला गेली होती. रविवारी ऑफिसचा फोन कोण उचलणार, म्हणून त्यानं त्या पोचेवरच उत्तर लिहून पाठवलं होतं, आणि म्हणून विषयाच्या जागी 'पोच' तसंच राहिलं होतं.

मी मोठ्यानं वाचलं. 'पोच भेटली, उत्तर न्हाई भेटलं. गेल्या साली मादीचं बी हिरव्या रंगाचं होतं, नराचं गुलाबी. अवंदा नराच्या पिशवीत हिरवं निघून राह्यलं. चिठ्ठ्या उलट्या लागल्या असं वाटतंय. गावाची पेरणी म्या थांबवली हाये. उद्यापर्यंत जमिनीत पेरणीजोगा वापसा राहील, त्याच्या पुढं माझं कोणी ऐकणार न्हाई. काय करू ते जल्दी कळवा.'

बियाण्याच्या प्लॉटमध्ये नराच्या ओळी थोड्या, मादीच्या जास्त. ते उलटं झालं तर पीक डौलात उभं राहतं आणि बियाणं हातात काही येत नाही. अख्ख्या गावाचा हंगाम त्या एका मेलवर अडकला होता आणि माझं बोट पुसायच्या बटणावर होतं.

काकांनी त्या मेलचा कागद छापून घेतला, शिक्का मारला, नंबर टाकला आणि धावत सुटले. काकांना धावताना त्याआधी कोणी बघितलं नव्हतं. उत्पादनाच्या साहेबांनी गोदामातली पिशवी फोडून बघितली. त्या एका खेपेच्या चिठ्ठ्या खरंच उलट्या लागल्या होत्या. ड्रायव्हर शकीलभाईंनी जीप काढली. उत्पादनाचे साहेब बसले आणि मागून काकाही चढायला लागले. शकीलभाई म्हणाले, "काका, आप कायको? धूप लई है." काका म्हणाले, "त्याची पोच द्यायची राह्यली हाये." आणि खरोखरच ते पोस्टकार्ड लिहून, शिक्का मारून खिशात घेऊन गेले, आणि रेणुकाईच्या देवळासमोर जमलेल्या लोकांत त्या शेतकऱ्याच्या हातात देऊन आले. गावानं त्याच दिवशी बराबर पेरणी केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. पोचेचा नियम मी लिहिला."

"तिची न्हाई," काका म्हणाले. "पोचेला पोच नसती. डाकेत हे शेंबड्या पोरालाबी कळतं. म्या तिला सांगायला पाहिजे होतं. पण हे कोणाला सांगावं लागतं असं मला वाटलंच न्हाई."

साहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली. ती त्यांनी हातातून खाली ठेवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मग म्हणाले, "काका, तुमच्या टेबलाबद्दल मी एक पत्र काढलं होतं. तुम्हाला अजून सांगितलं न्हाई."

"म्हाईत हाये."

"कोणी सांगितलं?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली.

"कोण कशाला सांगंल?" काका म्हणाले. "कंपनीतलं एकबी पत्र माझ्या वहीत नंबर टाकल्याशिवाय जातं का? तेबी माझ्याच हातानं नोंदलं. तीन महिने झाले. खणात ठेवून दिलं होतं."

म्हणजे परतूरच्या वेळी, पेढ्यांच्या वेळी, 'टेबल राहतं' म्हणाले तेव्हा, सगळ्या वेळी त्यांना ठाऊक होतं. आपलं टेबल ज्याच्यानं जाणार ते काम हा माणूस रोज माझ्याशेजारी बसून मला नीट शिकवत होता.

काका आता डुलायला लागले होते. "पण साहेब, एक कबूल करतो," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत त्या एकाच पत्राची म्या पोच दिली न्हाई."

साहेब हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "मग अजून ते मला परत घेता येईल ना?"

"पोच गेली नसंल तं घेता येतं. नियमात बसतं."

ते पत्र काकांनी खणातून काढून साहेबांना दिलं. साहेबांनी त्याचे चार तुकडे केले. काकांनी वहीत लिहिलं, 'परत घेतले.' मी बाहेर येऊन नमुन्यांच्या खोलीत दार लावून रडले, तेही आनंदानं, आणि मग सर्व्हरमध्ये एक नवा नियम लिहिला. पोच आली तर तिला पोच द्यायची नाही. तो काकांनी शब्द न् शब्द सांगून लिहून घेतला.

पुढे चार-पाच वर्षं ते टेबलावर होते. मग गुडघे कुरकुरायला लागले, डुलता येईना, आणि डुलता येत नाही तर काम कसलं करायचं म्हणून स्वतःहून हसनाबादला मुलाकडे निघून गेले. जाताना कपाटाच्या अठ्ठेचाळीस खणांतून हात फिरवला, शेवटच्या खणात काही राहिलंय का ते बघितलं आणि मला म्हणाले, "हा रोज बघत जा. विसरू नको."

आता तो सर्व्हर नाही. त्याच्या जागी दुसरा आला, मग तिसरा. दर वेळी बसवायला येणारी नवी मुलं शेवटचा नियम वाचून मला विचारतात, "मॅडम, हे आवक-जावक कोण आहे? काढून टाकू का?" मी म्हणते, हात लावायचा नाही. रोज सकाळी चहाआधी मी स्वतः तो खण रिकामा करते. बहुतेक जाहिराती असतात.

एका सकाळी त्यात एक मेल दिसला. पत्त्यात, माणसाच्या नावाच्या जागी, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्याच्या हाती पडेल.' असा पत्ता आमच्याकडे कधीच नव्हता. काकांनी नातीकडून टाइप करून घेतला असणार. आत एवढंच होतं: 'शेवटचा खण उघडा हाये का ते बघून राह्यलो. काम काही न्हाई.'

त्याची पोच आपोआप गेलीच होती, पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. स्वतः लिहिली. आपले पत्र मिळाले. योग्य ठिकाणी दिले आहे. खाली 'आवक-जावक' लिहिलं आणि पाठवून दिली.

मग दोन दिवस मी वेड्यासारखी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते. दहा वेळा खण उघडून बघितला. रागही आला, म्हटलं एवढं मनापासून लिहिलं, एक ओळ पाठवायला काय झालं म्हाताऱ्याला. तिसऱ्या दिवशी चहा बशीत ओतताना एकदम लक्षात आलं आणि मी एकटीच हसत सुटले. माझी तर पोच होती, आणि पोचेला काका पोच देत नसतात.